तुझ्या गच्चीवरचं ऊन

त्या दुपारी मी मोजपट्टी घेऊन गच्चीवर ओणवी झाले होते, आणि कुठूनसा एक ओला टॉवेल उडत येऊन थेट माझ्या डोक्यावर पडला.

"माफ करा हं! टॉवेल माझा आहे, पण नेम वाऱ्याचा होता."

मी टॉवेल ओढून काढला आणि वर पाहिलं. आमच्या बेटावरच्या या हायुया गावात घरं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी बसलेली आहेत. मागच्या अंगाच्या घराची गच्ची आमच्याहून पुरुषभर उंच. तिच्या कठड्याला रेलून एक तरुण उभा होता... खांद्यावर आणखी चार टॉवेल, कमरेच्या पट्ट्यात दोन कात्र्या, आणि चेहऱ्यावर माफी मागणाऱ्या माणसाला न शोभणारं हसू.

"ते नवीन सलून उघडलंय ते तुम्हीच?"

"आब्दिएल. आणि तुम्ही पोस्टातल्या नेरे. शिक्का मारताना कपाळाला आठ्या घालणाऱ्या."

"मी आठ्या घालत नाही."

"आत्ता घातल्यात. गच्ची कशाला मोजताय? विकायची आहे?"

"सोलर बसवायचंय," मी म्हटलं आणि टॉवेलाचा बोळा करून वर फेकला. तो निम्म्यातच पडला. मी पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा त्यानं वाकून झेलला, आणि मला वाटलं तितकं पटकन तो आत गेला नाही.

"काही लागलं तर हाक मारा," तो म्हणाला. "सोलरमधलं मला काही कळत नाही. पण मोजपट्टीचं दुसरं टोक धरता येतं."

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं. कारण त्या दिवसांत मला सतत एक काळजी असायची आणि तिचं कारण खाली, बाबांच्या खोलीत, घुर्र-घुर्र करत असायचं. ते ऑक्सिजनचं मशीन. बाबांनी जन्मभर पोन्से शहराच्या रस्त्यावर बस चालवली, आता त्यांच्या छातीत हवा पुरत नव्हती. मशीन चालू असलं की बाबा विनोद करत. मशीन थांबलं की त्यांचे ओठ निळे पडत. आणि आमच्या डोंगरावर लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. जनरेटर लावावा, तर त्याच्या धुरानं बाबांना आणखी खोकला. सिलिंडर होते, पण सिलिंडर संपतात.

मोठ्या वादळानंतर कित्येक महिने आमच्याकडे वीज नव्हती. आईचं इन्सुलिन आम्ही बर्फात ठेवायचो. मग बर्फ मिळेनासा झाला. आई त्याच काळात गेली. भाऊ फ्लोरिडाला गेला, मैत्रिणी गेल्या, ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं तोही गेला. मी आणि बाबा राहिलो. आता ऑगस्ट लागला होता, वादळांचे महिने सुरू झाले होते, आणि मी काहीतरी ठरवायला हवं होतं. काय, ते मला कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आब्दिएल बाबांची दाढी करायला घरी आला. नाकातली नळी सांभाळून तो इतक्या हलक्या हातानं वस्तरा फिरवत होता की बाबांना डुलकी लागली. नेमका तेव्हाच एक सोलरचा विक्रेता आला. चकचकीत बूट, हातात टॅबलेट. त्याने पडद्यावर आमचं घर दाखवलं... अख्खी गच्ची निळ्या पॅनेलांनी झाकलेली.

"ताई, बिल जवळजवळ शून्य! एसी लावा, वॉशिंग मशीन लावा. फक्त इथे बोटानं सही करा."

माझं बोट खरंच पुढे गेलं. भीती माणसाला इतकं घाईला आणते! तेवढ्यात फेसाच्या आडून बाबांनी एक डोळा उघडला.

"लाईट गेली... की हे चालेल ना, बाळा?"

विक्रेता घुटमळला. "म्हणजे... बाहेरची लाईट गेली की सुरक्षेसाठी पॅनेलंही आपोआप बंद होतात. बॅटरी असेल तर चालतं. पण ती वेगळी घ्यावी लागते."

"भर उन्हात? गच्चीभर पॅनेलं असून?"

"हो. बॅटरीशिवाय... नाही चालणार."

मी बोट मागे घेतलं. म्हणजे मी सही केली असती, निर्धास्त झाले असते, आणि पहिल्याच अंधारात मशीन बंद पडलं असतं! विक्रेता गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ उगाचच सोडून उभी राहिले. आब्दिएल दारात आला.

"झालं नाही ना काही? मग?"

"झालं असतं."

"जे झालं नाही त्याच्यासाठी इतकं पाणी कशाला वाया घालवतेस?" त्यानं नळ बंद केला. आणि आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, हे त्याच्याही उशिरानंच लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

सोराइदाला मी पोस्टाच्या खिडकीतून गाठलं. आमच्या भागातल्या लोकांनी मिळून सोलरचं एक मंडळ काढलंय. सोराइदा तिथली इलेक्ट्रिशियन. आवाज मोठा, बोलणं कमी.

"पॅनेल किती, हे मला आत्ता विचारू नकोस," ती म्हणाली. "आधी लाईट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं, ते ठरव. त्यावरून बॅटरी. बॅटरीवरून पॅनेल. आणि एक अख्खा दिवस खडू घेऊन गच्चीवर बस. सावली कुठून कुठे सरकते ते आख. गच्ची मोठी असून उपयोग नाही, ऊन किती पडतं ते बघ."

त्या रविवारी सूर्य डोंगराआडून वर यायच्या आत मी गच्चीवर गेले. वरून शिडी उतरली. पाठोपाठ आब्दिएल, एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात रंगीत खडूंचा डबा.

"सावल्या रंगीत काढायच्या?"

"दिवसभर तुझ्या आठ्या बघायच्या, तर निदान जमीन रंगीत असू दे."

आम्ही कठड्याला टेकून बसलो. त्यानं विचारलं, "सांग, काय काय चालू राहायला हवं?"

"बाबांचं मशीन. ते पहिलं. मग फ्रिज. बाबांच्या खोलीतला पंखा. एक दिवा."

"एसी?"

"नको."

"गाणी?"

"बाबा गातात."

"आणि तुझ्यासाठी काय?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. "दिवा आहे ना. तो माझा."

"एकच दिवा..." तो पुटपुटला आणि खडूनं फरशीवर एक छोटा दिवा काढला. मग शेजारी दुसरा काढला. "हा माझ्या हिशेबात धर."

ऊन चढत गेलं. आणि मग आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

आब्दिएलच्या अंगणाचा एक तुकडा वळून आमच्या घराच्या पूर्वेला येतो. तिथं नीरफणसाचं प्रचंड झाड आहे. त्याची पानं हाताच्या पंजाएवढी नव्हेत, सुपाएवढी. त्या पानांची सावली आमच्या गच्चीवर पसरली होती. आम्ही निळ्या खडूनं तिची कड आखली. तासाभरानं पुन्हा आखली. सावली सरकत होती, पण माझ्याकडच्या पाहुण्यांसारखी... निघते निघते म्हणत होती आणि बसून राहत होती.

मला झाड तोड म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण लाईट गेली की आब्दिएलचं सलून त्या झाडाखालीच भरायचं. खुर्ची बाहेर, केस कापायचं मशीन बंद, नुसती कात्री. गिऱ्हाइकं सावलीत बसून चकाट्या पिटत. त्या सावलीवर त्याचं पोट होतं. आणि खरं सांगू? आणखीही एक भीती होती. त्याला वाटलं असतं, ही कॉफी, हे हसणं, हे सगळं झाडासाठीच होतं!

तोही झाडाकडे पाहत होता. मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं...

"तुझ्या गालाला खडू लागलाय," एवढंच म्हणाला. पुसायला हात पुढे केला, आणि त्याच्या बोटांना माझ्याहून जास्त खडू लागलेला, म्हणून माझा अख्खा गाल निळा झाला. आम्ही हसलो. पण हसणं लवकर संपलं. उरलेला दिवस आम्ही रेघा ओढत राहिलो आणि झाडाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सलून बंद होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

मी पोस्टातून येता-जाता त्या कुलपाकडे पाहायचे. तो फ्लोरिडातल्या ऑर्लँडोहून इथे आला होता, तिथेच परत गेला असेल. का नाही जाणार? इथून सगळेच जातात. फोन करावा तर काय बोलावं? 'झाड राहू दे, तू ये'? माझ्या काळजीला आता दोन कारणं होती.

त्यात रेडिओवर वादळाची बातमी लागली. अजून दूर समुद्रात होतं. रोख इकडे असेलही, नसेलही. आणि त्याच दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं.

मी धावत सिलिंडर ओढला. झडप घट्ट बसली होती. बाबांचे ओठ... मी दोन्ही हातांनी झडप पिळत होते, देवाला शिव्या देत होते, रडत होते. शेवटी फिरली. हवा सुटली. बाबांनी डोळे उघडून माझ्या हातावर थोपटलं. "शिव्या... आईसारख्या देतेस, पोरी."

मी त्यांच्या पायाशी तशीच बसून होते, तेव्हा बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग करवतीचा. पेट्रोलवर चालणारी, झाडं कापायची करवत.

मी अनवाणीच धावले. आब्दिएल झाडाखाली उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, हातात ती भयानक करवत.

"बंद कर ते!" मी ओरडले. "आधी बंद कर!"

त्यानं बंद केली. "पोन्सेहून आणली चुलतभावाकडून. तो रोज उद्या देतो म्हणायचा. शेवटी त्याच्या दारातच ठाण मांडलं."

"तुला कुणी सांगितलं झाड तोडायला?"

"कुणी नाही. तू सांगणारच नव्हतीस."

"आणि सलून? गिऱ्हाइकं कुठे बसतील? माझ्या डोक्यावर?"

"नेरे, तुझे बाबा आत गुदमरतात आणि मी सावलीत बसून लोकांच्या मिशा कापू?"

"मग त्या दिवशी का नाही बोललास? मला न सांगता निघून का गेलास? मला वाटलं तू... तू गेलास कायमचा."

तो करवतीकडे पाहत राहिला. चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू नव्हतं. त्याच्याशिवाय तो एकदम लहान आणि घाबरलेला दिसत होता.

"त्या दिवशी मला आधी दुसरं काहीतरी सांगायचं होतं," तो म्हणाला. "झाडाच्या आधी. झाड आधी तोडलं असतं आणि मग म्हटलं असतं, की मला तू आवडतेस... तर तू नाही कशी म्हणाली असतीस? उपकार झाला असता तो. मला उपकाराचं 'हो' नको होतं. म्हणून आधी बोलायचं ठरवलं... आणि धीरच होईना. टॉवेल फेकायला सोपा असतो, नेरे."

"तो वाऱ्यानं नेला होता ना?"

"अर्धा वाऱ्यानं."

तेवढ्यात मागून सोराइदाचा खणखणीत आवाज आला. आज ती गच्ची बघायला येणार होती, हे मी पार विसरले होते.

"ती करवत खाली ठेव रे! काय चाललंय?"

आम्ही तिला गच्चीवर नेलं. ती रंगीत रेघांवरून एकेक पाऊल टाकत फिरली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सकाळची सावली झाडाची. आणि ही दुपारनंतरची कुणाची?"

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. ती आब्दिएलच्या घराची होती. पुरुषभर उंच उभ्या असलेल्या त्या घराची. झाडाच्या काळजीत ही दुसरी सावली आम्ही आखली होती, पण पाहिलीच नव्हती.

"झाड तोडूनही अर्धाच दिवस मिळेल," सोराइदा म्हणाली. "झाड कशाला मारता? सावली कुठे नाही ते बघा की." तिनं मान वर केली. "त्या गच्चीवर."

वरच्या गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन होतं. तिथेच तो टॉवेल वाळत घालायचा.

"पॅनेलं माझ्याकडे, बॅटरी तुमच्याकडे, मधून वायर," आब्दिएल घाईघाईनं म्हणाला. "होईल ना?"

"वायर टाकायला काय, मी टाकेन. पण डोकं शांत ठेवून ऐका. पॅनेलं पंचवीस वर्षं टिकतात. शेजाऱ्याच्या गच्चीवर पंचवीस वर्षं? उद्या तू घर विकलंस, परत ऑर्लँडोला गेलास, दोघांचं भांडण झालं, तर या मुलीनं काय करायचं? वादळात तुझ्याकडे शिडी मागत यायचं?"

हीच माझी भीती होती. अगदी हीच, फक्त ती मोठ्यानं बोलली होती.

आब्दिएल सोराइदाकडे नाही, माझ्याकडे पाहत म्हणाला, "पंचवीस वर्षं मी कुठे जात नाही."

"आणि त्यानंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर नवीन पॅनेलं घेऊ."

सोराइदानं घसा खाकरला. "मी वायरची हमी देते. बाकीच्याची तुमची तुम्ही बघा." आणि मोजमापं घ्यायला शिडी चढून गेली.

त्यानं उत्तर मागितलं नाही. मीही दिलं नाही. "आधी... पॅनेलं बसू देत," एवढंच म्हणू शकले. लोक जाताना काय काय बोलून जातात ते मी ऐकलं होतं. राहताना माणूस कसा बोलतो, ते मला ओळखता येत नव्हतं.

सोराइदानं मोजकीच पॅनेलं बसवली, पण बॅटरी मात्र दांडगी निवडली. "तुमच्याकडे ढग जास्त," ती म्हणाली. प्रत्येक चौकट तिनं गच्चीच्या काँक्रीटमध्ये खोल बोल्टांनी पक्की केली आणि स्वतः लोंबकळून पाहिली. काम संपतंय तोच वादळानं इकडे तोंड वळवलं.

सकाळी वारा सुरू झाला. आब्दिएल खाली आमच्याकडे आला. दारं-खिडक्या लावून आम्ही तिघं बाबांच्या खोलीत बसलो. थोड्याच वेळात बाहेरची लाईट गेली. मी डोळे मिटले... आणि मशीन घुर्र-घुर्र करतच राहिलं. थांबलंच नाही.

पण आभाळ काळं झालं होतं. वरची पॅनेलं नुसती भिजत होती. बॅटरीवरचा आकडा खाली खाली येत होता. मी पंखा बंद केला. मग फ्रिज. मग माझा दिवा. बाबा म्हणाले, "मला पण बंद करू नकोस म्हणजे झालं."

"बाबा!"

तेवढ्यात वरून आवाज आला. खडखड... खडखड... आब्दिएल ताडकन उठला.

"पॅनेल सुटतंय. वर जाऊन आवळून येतो."

"नाही."

"एक सुटलं तर ते बाकीच्यांवर आदळेल, नेरे. दोन मिनिटांचं काम आहे."

तो दारापाशी पोचला. मी त्याचा शर्ट मागून धरला, दोन्ही मुठींनी. त्या वाऱ्यात गच्चीवर गेलेला माणूस मला दिसत होता, अगदी स्पष्ट. आणि माझ्या लक्षात आलं, की मशीन, आकडा, ढग, वादळ, सगळ्यांच्या वर आता एक नवी भीती बसली आहे, आणि तिचं नाव आब्दिएल आहे.

"पॅनेल गेलं तर दुसरं मिळेल," मी म्हटलं. "तू... दुसरा कुठून आणू मी?"

तो वळला. माझ्या मुठी सोडवायच्या ऐवजी त्यानं त्यांच्यावर आपले हात ठेवले. कात्री धरून धरून घट्टे पडलेले, गरम हात. वर खडखड चालूच होती. तो गेला नाही.

"बसा दोघं," बाबा पलंगावरून म्हणाले. "उभ्यानं... वादळ लवकर जात नाही."

आम्ही जमिनीवर बसलो, खांद्याला खांदा लावून, आणि आकडा पाहत राहिलो. तो उतरत होता. मी कुणाच्या लक्षात येणार नाही अशी सिलिंडरजवळ सरकले. आब्दिएलही माझ्याबरोबर सरकला.

दुपार कलली तसा वारा ओसरला. खडखड थांबली. आम्ही शिडीवरून वर गेलो. त्या गच्चीवर मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. पॅनेलं सगळी जागच्या जागी होती. कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडून येऊन चौकटीत अडकला होता, तोच वाजत होता. नीरफणसाची एक फांदी तुटून अंगणात पडली होती. आणि पॅनेलांवर तीच सुपाएवढी पानं चिकटून बसली होती.

आम्ही गुडघ्यांवर बसून पानं काढायला लागलो. पश्चिमेकडे ढग जरासे फाटले. ओल्या काचांवर पिवळट ऊन उतरलं.

"नेरे," तो खाली मान घालून, एक पान पुन्हा पुन्हा पुसत म्हणाला, "त्या दिवशी मी जे म्हटलं... पंचवीस वर्षांचं... त्याचं उत्तर..."

"पोरी!" खालून बाबांचा आवाज आला. होता नव्हता तेवढा श्वास लावून मारलेली हाक. "आलं का गं ऊन? आकडा... वर चाललाय!"

"हो!" मी ओरडले.

आब्दिएलनं हळूच मान वर केली. "हे त्यांना होतं... की मला?"

"दोघांना," मी म्हटलं, आणि त्याच्या गालावरचा चिखल माझ्या ओल्या हातानं पुसला.